जावामधील अ‍ॅरे-कॉपी : वेगाला पूर्ण गुण, हाताळणीला निम्मे

जावाच्या स्टँडर्ड लायब्ररीत एका अ‍ॅरेतील घटक दुसऱ्या अ‍ॅरेत नेण्याचे अनेक अधिकृत मार्ग आहेत. पहिल्या आवृत्तीपासून असलेली ‘सिस्टिम.अ‍ॅरेकॉपी’ आहे, प्रत्येक अ‍ॅरेला जन्मतः मिळालेली ‘क्लोन’ आहे, जावा ६ मध्ये आलेल्या ‘अ‍ॅरेज.कॉपीऑफ’ व ‘अ‍ॅरेज.कॉपीऑफरेंज’ आहेत, कलेक्शनमधून (याद्यांसारख्या संग्रहातून) अ‍ॅरे काढणारी ‘टूअ‍ॅरे’ आहे आणि जावा २२ मध्ये कायम झालेल्या मेमरी एपीआयमधील ‘मेमरीसेगमेंट.कॉपी’ही आहे. हे परीक्षण या सर्व कुटुंबाचे आहे. ते ओपनजेडीके या जावाच्या मुक्त-स्रोत अंमलबजावणीतील हॉटस्पॉट या व्हर्च्युअल मशीनपुरते (जावा प्रोग्रॅम चालवणाऱ्या यंत्रणेपुरते) मर्यादित असून ६४-बिट सर्व्हरवर दीर्घकाळ चालणारे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांच्या दृष्टीने केलेले आहे. माझे मत सुरुवातीलाच सांगतो. प्रत्यक्ष कॉपी करणारा तळाचा थर इतका चांगला आहे की त्याच्याशी स्पर्धा करण्यात वेळ घालवू नये. मात्र त्याच्या वरचे थर न विचारता ज्या कॉप्या काढतात त्यांचा हिशेब प्रोग्रॅमरने स्वतः ठेवावा लागतो, आणि वेग खरोखर जातो तो तिथे.

या कुटुंबाचा पाया ‘अ‍ॅरेकॉपी’ आहे. मूळ अ‍ॅरे, त्यातील सुरुवातीचे स्थान, लक्ष्य अ‍ॅरे, त्यातील सुरुवातीचे स्थान आणि घटकांची संख्या अशी पाच आर्ग्युमेंट ती घेते. तिच्या दस्तऐवजातील सर्वांत मोलाचे आश्वासन वेगाविषयी नसून परस्परव्याप्तीविषयी आहे. मूळ आणि लक्ष्य एकच अ‍ॅरे असून दोन्ही पट्टे एकमेकांवर आले, तरी परिणाम असा असतो की जणू घटक आधी तात्पुरत्या अ‍ॅरेत घेऊन मग लक्ष्यात ठेवले. तात्पुरता अ‍ॅरे अर्थातच बनत नाही. लक्ष्य मूळ पट्ट्याच्या पुढे सुरू होऊन त्यावर येत असेल तर कॉपी शेवटाकडून उलटी केली जाते, एवढेच.

हे आश्वासन क्षुल्लक वाटत असेल तर सी भाषेतील अनुभव आठवावा. तिथे ‘मेमकॉपी’ आणि ‘मेममूव्ह’ अशी दोन फंक्शने आहेत आणि पट्टे एकमेकांवर येत असताना पहिले वापरल्यास काय होईल याची भाषा हमी देत नाही. २०१० मध्ये ग्लिबसी या लिनक्सवरील सी लायब्ररीने काही प्रोसेसरांसाठी ‘मेमकॉपी’ची नवी, वेगवान आणि उलट्या दिशेने चालणारी आवृत्ती आणली. तेव्हा फेडोरा १४ या लिनक्स वितरणावर अ‍ॅडोबी फ्लॅशचा आवाज फाटू लागला, कारण त्या प्लगइनमध्ये ‘मेममूव्ह’च्या जागी ‘मेमकॉपी’ वापरलेली होती आणि तोवर ती योगायोगाने चालून जात होती. नियम कुणी मोडला यावर बरीच जुंपली, लिनक्सचे जनक लिनस टोरव्हाल्ड्सही त्या चर्चेत उतरले, आणि पुढे ग्लिबसीने जुन्या प्रोग्रॅमांसाठी जुने वर्तन राखून ‘मेमकॉपी’चे नवे रूप वेगळ्या आवृत्तीखाली दिले. जावाने दोन्ही प्रसंगांसाठी एकच सुरक्षित दार ठेवले, आणि कोणत्या दिशेने जायचे हा निर्णय आपल्याकडे घेतला. वेग वाढवण्याचे स्वातंत्र्य लायब्ररीच्या लेखकांना हवे असेल तर वर्तनाची हमी आधी पक्की असावी लागते, हे जावाच्या रचनाकारांनी वेळीच ओळखले.

उगमसंहितेत ‘अ‍ॅरेकॉपी’ ही ‘नेटिव्ह’ मेथड म्हणून घोषित आहे. त्यामुळे प्रत्येक हाकेला जावातून सीमध्ये जाण्याचा खर्च होत असेल असा समज अजूनही आढळतो. इंटरप्रिटरमध्ये, म्हणजे कंपाइल न होता एकेक सूचना वाचून, चालणाऱ्या कोडपुरता तो खरा आहे. एकदा कोड कंपाइल झाला की ही मेथड ‘इंट्रिन्सिक’ ठरते, म्हणजे कंपायलर तिच्या जागी स्वतःच्या माहितीतला खास मशीन कोड ठेवतो. आर्ग्युमेंटविषयी आधीच सिद्ध झालेल्या गोष्टींच्या तपासण्या गाळल्या जातात. अ‍ॅरे ‘नल’ नाही, लांबी ऋण नाही, मर्यादा ओलांडली जात नाही, हे आजूबाजूच्या कोडवरून कळत असेल तर ते पुन्हा विचारले जात नाही. लांबी कंपाइल करतानाच ठाऊक असेल आणि ती मोजक्या घटकांची असेल, तर हॉटस्पॉटमधील सी२ हा कंपायलर कॉपीची हाकच काढून टाकतो आणि तिथे सरळ वाचणे-लिहिणे घालतो. हॉटस्पॉटमध्ये या मर्यादेसाठी स्वतंत्र फ्लॅग (प्रोग्रॅम सुरू करताना देण्याचा पर्याय) असून तिचे मूळ मूल्य ८ घटक आहे.

लांबी मोठी किंवा आधी न कळणारी असेल तर हाक तयार मशीन कोडच्या तुकड्यांकडे जाते. हे तुकडे व्हर्च्युअल मशीन सुरू होताना, समोरचा प्रोसेसर पाहून, स्मृतीत रचले जातात. एक्स८६ वर ३२ बाइट किंवा त्याहून रुंद रजिस्टरे उपलब्ध असतील तर ती वापरली जातात. एआरएमसाठी वेगळे तुकडे आहेत. बाइट, शॉर्ट, इंट, लाँग आणि रेफरन्स (ऑब्जेक्टकडे नेणारा पत्ता) यांचे तुकडे निराळे. त्यातही पट्टे एकमेकांवर न येण्याची खात्री असलेला आणि नसलेला असे दोन प्रकार. व्हर्च्युअल मशीनने सीची ‘मेमकॉपी’ जशीच्या तशी सर्वत्र का वापरली नाही, याचे उत्तरही इथेच आहे. रेफरन्स कॉपी होत असताना दुसऱ्या थ्रेडला (प्रोग्रॅममध्ये समांतर चालणाऱ्या प्रवाहाला) त्याचे अर्धे जुने व अर्धे नवे असे कडबोळे दिसता कामा नये, आणि एका थ्रेडने एक बाइट लिहिताना शेजारचा बाइट विस्कटता कामा नये, ही जावाच्या मेमरी मॉडेलची अट आहे. ‘मेमकॉपी’ अशी काहीही हमी देत नाही.

हाताने लिहिलेल्या ‘फॉर’ लूपशी तुलना केली तर काय दिसते? साध्या इंट अ‍ॅरेवरचा, पायरी एकची असलेला, मध्ये काहीही न करणारा लूप सी२ स्वतःच व्हेक्टर सूचनांमध्ये, म्हणजे एका वेळी अनेक घटक हाताळणाऱ्या सूचनांमध्ये, बदलतो, आणि मध्यम लांबीच्या अ‍ॅरेंवर तो ‘अ‍ॅरेकॉपी’च्या फार मागे राहत नाही. म्हणून ‘लूप दहापट हळू असतो’ ही जुनी ऐकीव माहिती आज सरसकट खरी धरू नये. तरीही मी लूप लिहीत नाही. लूपचा वेग कंपायलरच्या मर्जीवर अवलंबून असतो. त्यात एखादी अट घुसली, निर्देशांक ‘लाँग’ झाला किंवा लूप एखाद्या प्रचंड मेथडमध्ये अडकला की ते रूपांतर होईलच असे नाही. ‘अ‍ॅरेकॉपी’ला असा लहरीपणा नाही. शिवाय अ‍ॅरे प्रोसेसरच्या कॅशमध्ये मावेनासा झाला की दोन्हींचा वेग मुख्य स्मृतीची बँडविड्थ ठरवते, आणि तिथे सूचनांची हुशारी कुणाच्याच कामी येत नाही.

रेफरन्सच्या अ‍ॅरेंची गोष्ट वेगळी आहे, आणि माहितीपत्रकांत तिच्याकडे दुर्लक्ष होते. इंट किंवा बाइट कॉपी करणे म्हणजे केवळ बिट हलवणे. ऑब्जेक्टचे रेफरन्स कॉपी करणे म्हणजे गार्बेज कलेक्टरला, म्हणजे वापरात नसलेली स्मृती परत घेणाऱ्या यंत्रणेला, त्याची खबर देणेही आले. जावा ९ पासून मूळ निवड असलेला जी१ हा कलेक्टर, समांतर मार्किंग (वापरातील ऑब्जेक्ट शोधण्याचे काम) चालू असताना, पुसल्या जाणाऱ्या जुन्या रेफरन्सांची नोंद मागतो. आणि कॉपी झाल्यानंतर, लक्ष्य अ‍ॅरेच्या ज्या भागात नवे रेफरन्स आले त्या भागाचे ‘कार्ड’ (स्मृतीच्या छोट्या तुकड्याची नोंद) तपासून आवश्यक तिथे खूण करावी लागते. ‘अ‍ॅरेकॉपी’ हे काम घटकागणिक न करता संपूर्ण पट्ट्यासाठी एकदम करते. रेफरन्सच्या बाबतीत हाताने लिहिलेल्या लूपवर तिचा खरा विजय होतो तो या कारणाने. लूपमध्ये प्रत्येक नेमणुकीला स्वतंत्र बॅरिअर, म्हणजे कलेक्टरसाठीचे हे जादा काम, लागतो आणि त्याच्या सावलीत व्हेक्टर सूचनांचा लाभ हरवतो.

प्रकारांची तपासणी हा आणखी एक खर्च आहे. ‘स्ट्रिंग’चा अ‍ॅरे ‘ऑब्जेक्ट’च्या अ‍ॅरेत जात असेल तर एकदा वर्ग पाहून निभावते. उलट दिशेने मात्र, म्हणजे ‘ऑब्जेक्ट’च्या अ‍ॅरेतून ‘स्ट्रिंग’च्या अ‍ॅरेत जाताना, प्रत्येक घटक तपासावा लागतो. त्यातला एखादा घटक भलत्याच प्रकारचा निघाला तर ‘अ‍ॅरेस्टोअरएक्सेप्शन’ येते, पण तोवरचे घटक लक्ष्यात जाऊन बसलेले असतात आणि ते मागे घेतले जात नाहीत. दस्तऐवजात हे स्पष्ट लिहिले आहे. ते वाचून ‘ट्राय-कॅच’ लिहिणारे मात्र विरळा. निर्देशांक चुकीचा असेल तर काहीही कॉपी न होता एक्सेप्शन येते, आणि प्रकार चुकीचा निघाला तर अर्धवट कॉपी होऊन येते. एकाच मेथडच्या दोन अपयशांत एवढा फरक असणे मला रुचत नाही, पण प्रत्येक घटक दोनदा पाहण्याची किंमत टाळायची तर दुसरा मार्गही दिसत नाही.

हाताळणीचे गुण कापले ते मेथडच्या तोंडवळ्यामुळे. ‘अ‍ॅरेकॉपी’चे दोन्ही अ‍ॅरे ‘ऑब्जेक्ट’ प्रकाराचे आर्ग्युमेंट म्हणून घेतले जातात, त्यामुळे इंटचा अ‍ॅरे लाँगच्या अ‍ॅरेत कॉपी करण्याची आज्ञा कंपायलर निमूटपणे स्वीकारतो आणि प्रोग्रॅम चालू झाल्यावर ती कोसळते. अ‍ॅरेऐवजी एखादी यादी दिली तरी तीच गत. नावातला ‘कॉपी’ लहान अक्षराने सुरू होतो, जावाच्या नामकरणाच्या शिस्तीला सोडून. हे आता कुणी बदलू शकणार नाही आणि बदलूही नये. सीमध्ये लक्ष्य आधी येते, इथे मूळ आधी येते. ‘अ‍ॅरेकॉपी’चे शेवटचे आर्ग्युमेंट घटकांची संख्या आहे, तर ‘कॉपीऑफरेंज’चे शेवटचे आर्ग्युमेंट अंत्य निर्देशांक, आणि तोही वगळून. त्यातच, हा अंत्य निर्देशांक मूळ अ‍ॅरेच्या लांबीपलीकडे गेला तर ‘कॉपीऑफरेंज’ तक्रार न करता उरलेली जागा शून्यांनी किंवा ‘नल’ने भरते. वाढीव अ‍ॅरे हवा असणाऱ्यांना ही सोय वाटते. पॅकेटमधील ठरावीक बाइट कापून घेणाऱ्यांना मात्र अपुरा डेटा आल्याचे कळतच नाही. नेटवर्कवरून आलेले बाइट हाताळताना सीमा स्वतः तपासूनच ही मेथड बोलवावी.

‘कॉपीऑफ’ आणि ‘क्लोन’ यांच्या वेगाचे रहस्य कॉपीत नसून शून्यांत आहे. जावात नवा अ‍ॅरे नेहमी शून्यांनी भरलेला मिळतो, ही भाषेची हमी आहे. मग दहा लाख बाइटचा अ‍ॅरे बनवून लगेच त्यावर दुसऱ्याची कॉपी टाकायची असेल, तर तेवढीच स्मृती दोनदा लिहिली जाते: आधी शून्ये, मग मजकूर. सी२ कंपायलर हे जाणतो. नव्या अ‍ॅरेची निर्मिती आणि त्याला पूर्ण भरणारी कॉपी एकमेकांना लागून असतील, मध्ये कुणी त्या अ‍ॅरेकडे पाहू शकत नसेल, तर तो शून्ये भरण्याचे काम वगळतो. अ‍ॅरेचा काही भागच भरला जाणार असेल तर फक्त उरलेल्या भागात शून्ये घालतो. ‘कॉपीऑफ’ची रचना नेमकी अशीच, निर्मिती आणि तिला लागून कॉपी, असल्यामुळे तिला हा लाभ आपोआप मिळतो. नव्या आवृत्त्यांच्या उगमसंहितेत आणखी एक छोटी सुधारणा आहे: प्रिमिटिव्ह (इंट, बाइट यांसारख्या) प्रकारांच्या ‘कॉपीऑफ’ला मागितलेली लांबी मूळ अ‍ॅरेइतकीच असेल तर ती सरळ ‘क्लोन’ बोलावते. अशा सुधारणांसाठी आपल्याला कोडची एक ओळही बदलावी लागत नाही, आणि म्हणूनच जिथे लायब्ररीची मेथड आहे तिथे तीच वापरावी असा माझा आग्रह असतो.

याच शून्यांनी एक जुना सल्लाही उलटा केला. यादीतून अ‍ॅरे काढताना ‘टूअ‍ॅरे’ला आधीच योग्य आकाराचा अ‍ॅरे द्यावा, म्हणजे तिला दुसरा बनवावा लागणार नाही, असे वर्षानुवर्षे शिकवले गेले. ओपनजेडीकेवर काम करणारे अलेक्सेई शिपिल्योव यांनी २०१६ मध्ये सविस्तर मोजमाप करून दाखवले की ‘अ‍ॅरेलिस्ट’साठी शून्य लांबीचा अ‍ॅरे देणेच अधिक जलद पडते. आपण बाहेर बनवलेला अ‍ॅरे आधी शून्यांनी भरावाच लागतो, कारण तो मेथडच्या हाती जाईपर्यंत कंपायलरला खात्री नसते; मेथडने आतल्या आत बनवलेल्या अ‍ॅरेची शून्ये मात्र वगळता येतात. समांतर बदलणाऱ्या याद्यांत आकार विचारणे आणि अ‍ॅरे भरणे यांच्या मधल्या वेळेत यादी आखडली तर जुन्या पद्धतीत शेवटी ‘नल’ उरण्याचा धोका असतो, तोही नव्या पद्धतीत नाही. जावा ११ पासून ‘टूअ‍ॅरे’ला अ‍ॅरे बनवणारा कन्स्ट्रक्टर-रेफरन्स देता येतो आणि आतून तोही शून्य लांबीचाच अ‍ॅरे मागतो. अजूनही काही संघांच्या कोडिंग नियमांत जुना सल्ला ठाण मांडून आहे; तो काढून टाकायला हरकत नाही.

आता वरच्या थराकडे. ‘अ‍ॅरेलिस्ट’ भरत जाते तेव्हा आतला अ‍ॅरे दीडपटीने वाढतो आणि प्रत्येक वाढीला ‘कॉपीऑफ’ची हाक जाते. आकार न सांगता बनवलेली यादी पहिल्या घटकाला १० ची क्षमता घेते, मग १५, २२, ३३, ४९ अशी चढत जाते. एकेक करून १० लाख घटक घालायचे तर अशा २९ वाढी होतात आणि त्यांत मिळून २४,३०,९७२ रेफरन्स नव्या अ‍ॅरेत हलवले जातात. सरासरीने प्रत्येक घटक अडीच वेळाही हलत नाही, त्यामुळे याला उधळपट्टी म्हणता येणार नाही. पण संख्या आधी ठाऊक असेल, आणि डेटाबेसमधून मोजून आणलेल्या ओळींच्या बाबतीत ती असतेच, तर कन्स्ट्रक्टरला ती सांगून हे सारे शून्यावर आणता येते. कॉपीपेक्षाही मोठा फायदा असा की मधले २९ टाकाऊ अ‍ॅरे गार्बेज कलेक्टरच्या गळ्यात पडत नाहीत, आणि त्यांतले शेवटचे काही चांगलेच मोठे असतात.

‘अ‍ॅडऑल’ मला अधिक खटकते. ती दुसऱ्या कलेक्शनला ‘टूअ‍ॅरे’ विचारते, मिळालेला अ‍ॅरे हा त्या कलेक्शनची कॉपीच असतो, आणि मग त्यातून ‘अ‍ॅरेकॉपी’ने आपल्या अ‍ॅरेत पुन्हा कॉपी करते. म्हणजे प्रत्येक ‘अ‍ॅडऑल’मध्ये घटक दोनदा हलतात आणि एक तात्पुरता अ‍ॅरे जन्मून लगेच मरतो. यामागे आळस नाही, अविश्वास आहे. समोरचे कलेक्शन कुणी लिहिलेले असेल याचा नेम नसतो. त्याच्या हाती आपला आतला अ‍ॅरे देणे धोक्याचे. दुसऱ्या कलेक्शनपासून नवी ‘अ‍ॅरेलिस्ट’ बनवणाऱ्या कन्स्ट्रक्टरमध्ये हा अविश्वास उघड लिहिलेला आहे: समोरचा वर्ग नेमका ‘अ‍ॅरेलिस्ट’ असेल तर ‘टूअ‍ॅरे’ने दिलेला अ‍ॅरे तसाच ठेवून घेतला जातो, अन्यथा त्याची आणखी एक कॉपी काढली जाते. परक्या कलेक्शनने आपल्याला अ‍ॅरे देऊन स्वतःकडेही त्याचा रेफरन्स ठेवला असेल तर पुढे आपली यादी बाहेरून बदलता येईल, ही ती भीती. लायब्ररीच्या कोडमध्ये अनेक वर्षे ६२६०६५२ या क्रमांकाच्या दोषाचा उल्लेख असलेली टीप राहिली. ‘अ‍ॅरेज.अ‍ॅझलिस्ट’ने दिलेल्या यादीची ‘टूअ‍ॅरे’ वचनाप्रमाणे ‘ऑब्जेक्ट’चा अ‍ॅरे न देता कधी ‘स्ट्रिंग’चा अ‍ॅरे देत असे, हा तो दोष. तो जावा ९ मध्ये दुरुस्त झाला. सुरक्षेसाठी वेग मोडण्याचा हा सौदा मला मान्य आहे. त्याची कल्पना दस्तऐवजात अधिक ठळकपणे द्यायला हवी होती.

विश्वास जिथे सिद्ध करता येतो तिथे लायब्ररी कॉपी टाळतेही. जावा १० मधील ‘लिस्ट.कॉपीऑफ’ला अपरिवर्तनीय यादी दिली तर ती सामान्यतः नवी यादी न बनवता तीच परत देते. जावा १६ मधील स्ट्रीमची ‘टूलिस्ट’ आपल्याच हाताने भरलेल्या अ‍ॅरेभोवती यादीचे कवच घालते, दुसरी कॉपी काढत नाही. याउलट ‘कॉपीऑनराइटअ‍ॅरेलिस्ट’ प्रत्येक बदलाला संपूर्ण अ‍ॅरेची कॉपी करते, जसे तिच्या नावातच सांगितले आहे. क्वचित बदलणाऱ्या आणि सतत वाचल्या जाणाऱ्या श्रोत्यांच्या यादीसाठी ती उत्तम आहे, आणि लूपमध्ये तिच्यात एकेक घटक घालणाऱ्याला ती क्षमा करत नाही. ‘अ‍ॅरेलिस्ट’च्या आरंभीचा घटक काढत राहणे हाही त्याच जातीचा प्रकार. प्रत्येक वेळी उरलेले सर्व घटक ‘अ‍ॅरेकॉपी’ने एक घर डावीकडे सरकतात, एक लाख घटकांची यादी अशी रिकामी केली तर सुमारे ५०० कोटी सरकवण्या होतात. त्या कितीही वेगाने झाल्या तरी ‘अ‍ॅरेडेक’ वापरली असती तर त्यांतली एकही करावी लागली नसती.

मराठी मजकूर हाताळणाऱ्यांसाठी सर्वांत उपयोगी भाग स्ट्रिंगचा आहे. जावा ९ पासून स्ट्रिंगच्या पोटात बाइटचा अ‍ॅरे असतो. सर्व अक्षरे लॅटिन-१ संचातील असतील तर प्रत्येकी एक बाइट, आणि एकही अक्षर त्याबाहेरचे असेल तर संपूर्ण स्ट्रिंग यूटीएफ-१६ मध्ये, म्हणजे प्रत्येकी दोन बाइट. देवनागरी अर्थातच दुसऱ्या गटात मोडते. त्यात अन्याय काही नाही. जावा ८ पर्यंत सर्वांनाच दोन बाइट लागत. त्रास होतो तो मिश्र मजकुरात. ‘स्ट्रिंगबिल्डर’मध्ये इंग्रजी टॅग, अंक आणि विरामचिन्हे यांचा एचटीएमएल मजकूर लाखभर अक्षरांपर्यंत रचत आणला आणि मग त्यात पहिले देवनागरी अक्षर जोडले, की आतापर्यंतचा सगळा अ‍ॅरे दुप्पट आकाराच्या नव्या अ‍ॅरेत, प्रत्येक बाइट रुंदावून, कॉपी होतो. त्यासाठी मराठी अक्षरच हवे असेही नाही. रुपयाचे ₹ हे चिन्ह लॅटिन-१ मध्ये नाही, त्यामुळे संपूर्ण इंग्रजी बिलाच्या अखेरीस बेरजेआधी ते एक चिन्ह आले तरी सारे बिल दुप्पट होते. पौंड आणि येन यांची चिन्हे त्या संचात आहेत. युरोचे मात्र नाही, ही त्यातल्या त्यात समाधानाची बाब.

बाहेरून येणारा मराठी मजकूर बहुधा यूटीएफ-८ मध्ये असतो आणि तिथे देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. ३०० बाइटांचा असा शुद्ध देवनागरी तुकडा स्ट्रिंगमध्ये बदलताना अंतिम अ‍ॅरे २०० बाइटांचा होतो. पण किती चिन्हे निघतील हे आधी न कळल्यामुळे लायब्ररी बाइटांच्या संख्येइतक्या चिन्हांची, म्हणजे ६०० बाइटांची, जागा घेते आणि शेवटी ‘कॉपीऑफ’ने ती छाटते. इंग्रजी मजकुरासाठी हाच मार्ग इतका सरळ केला आहे की सर्व बाइट अ‍ॅस्की आहेत असे दिसताच एका कॉपीत काम संपते. ज्या सेवेत जवळजवळ सर्व मजकूर मराठीच आहे तिथे कॉम्पॅक्ट स्ट्रिंगची, म्हणजे एका बाइटच्या अक्षरांची, सोय फ्लॅग देऊन बंद करता येते. तसे केल्यास रुंदावण्याची कॉपी टळते, पण इंग्रजी की-नावे, यूआरएल आणि लॉगच्या ओळी पुन्हा दोन बाइटांच्या होतात. मराठी सेवांच्याही हीपमध्ये (ऑब्जेक्ट राहतात त्या स्मृतीत) अशा इंग्रजी स्ट्रिंगांचा वाटा मोठा असतो, म्हणून हीपचा डंप पाहिल्याशिवाय तो फ्लॅग लावू नये असे मी सांगेन.

प्रचंड अ‍ॅरेंच्या बाबतीत दोन उणिवा नोंदवतो. कॉपीचे तयार तुकडे मध्ये थांबून ‘सेफपॉइंट’ची (थ्रेड सुरक्षितपणे थांबवण्याच्या जागेची) विचारणा करत नाहीत. एका थ्रेडने शेकडो मेगाबाइटचा अ‍ॅरे कॉपी करायला घेतला आणि त्याच वेळी गार्बेज कलेक्टरला सर्व थ्रेड थांबवायचे असतील, तर बाकीचे थ्रेड थांबून त्या एकाची वाट पाहतात. सेफपॉइंटचा लॉग चालू केला की ही प्रतीक्षा वेगळी दिसते. ती कलेक्टरच्या कामाचा वेळ समजून भलतेच फ्लॅग फिरवत बसणारे पाहिले आहेत. दुसरी उणीव जी१ ची. हीपच्या एका रीजनच्या (समान आकाराच्या तुकड्याच्या) निम्म्या किंवा त्याहून मोठा अ‍ॅरे ‘ह्यूमंगस’ ठरतो आणि त्याला सलग रीजन लागतात, त्यामुळे दीडपटीने वाढणारी मोठी यादी प्रत्येक वाढीला अशी सलग जागा मागत सुटते. दोन्हींवर उपाय एकच, आणि तो लायब्ररीत नाही: डेटा ठरावीक आकाराच्या तुकड्यांत ठेवावा आणि तुकड्यातुकड्याने कॉपी करावा.

हीपबाहेरच्या स्मृतीसाठी आजवर ‘अनसेफ’ या जावाच्या अंतर्गत वर्गाची ‘कॉपीमेमरी’ वापरली जात असे. ती जावा २३ मध्ये काढून टाकण्याच्या यादीत गेली आणि २४ पासून वापरल्यास सूचना छापते. तिची जागा घेणारी ‘मेमरीसेगमेंट.कॉपी’ सीमा तपासते, सेगमेंटचे (स्मृतीच्या त्या पट्ट्याचे) आयुष्य संपले असेल तर स्पष्ट एक्सेप्शन देते, आणि आकार मोठा असेल तर त्याच तयार तुकड्यांचा वेग मिळवते. सुरुवातीला तिची अडचण छोट्या कॉपीत होती, कारण काही बाइटांसाठीही तळाच्या हाकेचा ठरलेला खर्च पडत असे. पुढच्या आवृत्त्यांत छोट्या सेगमेंटची कॉपी जावा कोडमध्येच उरकली जाते. नवा कोड लिहिणाऱ्याने ‘अनसेफ’कडे वळण्याचे कारण आता मला दिसत नाही.

यांतले काहीही स्वतः पडताळायचे असेल तर लूपभोवती ‘नॅनोटाइम’ लावून मोजू नये. ज्या कॉपीचा निकाल कुणी वापरत नाही ती कंपायलर पूर्णपणे गाळू शकतो, आणि मग शून्य वेळात झालेली कॉपी पाहून आनंद होतो. ओपनजेडीकेचेच जेएमएच हे वेग मोजण्याचे साधन वापरावे, निकाल त्याच्या ‘ब्लॅकहोल’मध्ये टाकावा, आणि लांबी एकच न ठेवता काही बाइटांपासून कॅशमध्ये न मावणाऱ्या आकारापर्यंत घ्यावी, कारण आठ घटकांवरचा निष्कर्ष ऐंशी लाखांवर लागू पडत नाही. सोबत जेएमएचचा गार्बेज कलेक्टर प्रोफायलर चालू ठेवावा. प्रत्येक हाकेला किती बाइटांची नवी स्मृती घेतली जाते हा त्याचा आकडा ‘अ‍ॅडऑल’ आणि ‘टूअ‍ॅरे’च्या बाबतीत वेळेच्या आकड्यापेक्षा अधिक स्थिर असतो, आणि लपलेली कॉपी आधी त्यातच सापडते.